आधी मातीचा कागद, मग जस्ताची पिशवी

कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व कृषी सेवा केंद्रचालक बंधू-भगिनींना,



ऊस तुटून गेला, पाचट आवरले, रान नांगरून मोकळे झाले की आपल्या जिल्ह्यातला शेतकरी त्यात घरच्यापुरता तरी गहू टाकतो. पेरणीला तीन-चार आठवडे झाले की तोच शेतकरी तुमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन विचारतो, ‘गहू पिवळा पडलाय, काय मारू?’ त्या घडीला उत्तर द्यायला तिथे ना विद्यापीठ असते, ना कृषी खाते. उत्तर तुम्ही देता. कृषी खात्याच्या गावपातळीवरच्या एका कर्मचाऱ्याकडे कितीतरी गावे असतात. तुमचे दुकान मात्र रोज उघडे असते, गिऱ्हाइकाला नावाने ओळखते, अडीनडीला उधारीही देते. म्हणून हे पत्र राहुरीच्या विद्यापीठाला किंवा पुण्याच्या कृषी आयुक्तालयाला न लिहिता तुम्हाला लिहीत आहे. जस्त, लोह, बोरॉन, मँगेनीज, तांबे यांच्यावाचून गव्हाचा एक दाणाही भरत नाही, याबद्दल तुमचे-माझे दुमत नाही. दुखणे आहे ते ही खते गव्हाला ज्या रीतीने विकली जातात त्याचे. माती आणि पान पाहून द्यायची वस्तू टॉनिक म्हणून दिली जाते. त्यामुळे ज्या रानाला तिची खरी गरज आहे त्याला ती पुरेशी मिळत नाही आणि ज्याला गरज नाही त्याचा खिसा रिकामा होतो.

आधी पिवळेपणाचेच बघू. नत्र कमी पडले तर गव्हाचे सगळ्यात खालचे, जुने पान शेंड्याकडून पिवळे होत जाते, कारण झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्याला देते. लोह कमी पडले तर उलटे होते. लोह झाडात सहजी हलत नाही, म्हणून नवे, वरचे पान फिके पडते. शिरा हिरव्या राहतात, मधले पट्टे पिवळे होतात आणि कमतरता फारच असेल तर नवी पाने पांढुरकी निघतात. जस्ताची खूण आणखी वेगळी. पानाच्या मधोमध पांढुरके-तपकिरी ठिपके येतात, ते एकमेकांत मिसळतात आणि पान तिथेच मोडून लोंबते. शेंडा मात्र काही दिवस हिरवाच दिसतो. फुटवे कमी येतात, रोप खुजे राहते. याशिवाय पाणी जास्त झाले, वाफसा मोडला, मुळे गुदमरली तरीही गहू पिवळा दिसतो, आणि त्यावर पाणी तोडण्यावाचून दुसरे औषध नाही. एवढ्या सगळ्या पिवळेपणांना एकच बाटली कशी चालेल? म्हणून पहिली विनंती अगदी साधी आहे. कपाटाकडे हात जाण्याआधी विचारा, ‘पान खालचं की वरचं?’ आज बहुतेक शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये फोटो असतोच. तो मोठा करून बघायला मिनिटभर पुरते.

ज्या मातीत जस्त खरोखर कमी आहे तिथे ते दिल्यावर गव्हाचे उत्पादन वाढते, यात शंका घ्यायला जागा नाही. तुर्कस्तानच्या मध्य अनातोलियाच्या पठारावर गहू वर्षानुवर्षे खुजा राहत होता. १९९० च्या दशकात तिथल्या चुनखडीच्या जमिनींत जस्ताची कमतरता सापडली, जस्त दिल्यावर गव्हाने जो फरक दाखवला तो पाहून तिथे जस्तयुक्त खते सर्रास वापरात आली. आपल्याकडे पंतनगरच्या डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये भातावरचा ‘खैरा’ रोग मुळात जस्ताची उपासमार आहे हे दाखवून दिले, आणि देशभर या विषयाकडे लक्ष गेले. पुढे सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातून देशभर जे मातीचे नमुने तपासले गेले, त्यांत सुमारे ३६ टक्के नमुने जस्ताने, २३ टक्के बोरॉनने आणि १३ टक्के लोहाने कमी निघाले. तांब्याचा आकडा तर पाचच्याही आत आहे. हेच आकडे उलटे वाचा. देशातल्या जवळपास दोन तृतीयांश नमुन्यांत जस्त पुरेसे होते, आणि तांबे तर शंभरातल्या पंचाण्णव नमुन्यांत. मातीत जे पुरेसे आहे ते आणखी घातल्याने पीक वाढत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लीबिगने मांडलेला नियमही हाच आहे: जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी, ते पिकाची मर्यादा ठरवते. जस्त कमी असलेल्या रानात जादा युरिया वाया जातो, तसेच नत्र कमी असलेल्या रानात जस्त वाया जाते.

आता हिशोब मांडू, कारण तुमचा धंदाही हिशोबाचा आहे. एकरी १६ क्विंटल गहू आला आणि दाण्यात किलोमागे ३० मिलिग्रॅम जस्त धरले, तर दाण्यांतून रानाबाहेर जाणारे जस्त भरते ४८ ग्रॅम. काडातले मिळवले तरी शंभर ग्रॅमच्या आतच. शिफारशीप्रमाणे एकरी १० किलो झिंक सल्फेट, म्हणजे २१ टक्क्यांचे, मातीत दिले तर त्यातून २,१०० ग्रॅम जस्त जाते. सगळे पिकाला मिळत नाही, बरेचसे मातीला चिकटते, हे धरूनही एकदा दिलेले दोन-तीन पिकांना पुरते. पुढच्या उसालाही त्याचा उपयोग होतो. दर हंगामाला, दर पिकाला ते पुन्हा घ्यायला लावण्याचे कारण उरत नाही. आता बाटलीकडे वळू. आपल्या राज्याने अधिसूचित केलेल्या फवारणीच्या ग्रेड-२ मिश्रणात ३ टक्के जस्त, अडीच टक्के लोह, १ टक्का मँगेनीज, १ टक्का तांबे, अर्धा टक्का बोरॉन आणि ०.१ टक्का मॉलिब्डेनम असते. एकराला एक लिटर फवारले तर जस्त जाते तीसेक ग्रॅम. त्याच एकरावर झिंक सल्फेटची अर्धा टक्क्याची फवारणी दोनशे लिटर पाण्यातून केली, तर एक किलो लागते आणि २१० ग्रॅम जस्त जाते. मिश्रणातून तेवढे जस्त द्यायचे तर सात बाटल्या लागतील. मिश्रण बेकायदा नाही, भेसळीचेही नाही. कमतरता नेमकी कशाची हे माहीत नसताना सगळ्यातले थोडे-थोडे द्यायची ती सोय आहे. पण जिथे एकाच गोष्टीची खरी ओढाताण आहे तिथे ती एक गोष्ट पुरेशी मिळत नाही, आणि बाकीच्या पाचांचे पैसे उगाच मोजावे लागतात. ज्या रानाचा अहवाल जस्त कमी दाखवतो, त्याला झिंक सल्फेटची पिशवी द्या. सहा मूलद्रव्यांची नावे छापलेली चकचकीत बाटली नको.

आपला जिल्हा तर असा आहे की एकच सल्ला गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत चालूच शकत नाही. पश्चिमेला शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या बाजूला धो धो पावसाने धुपलेली तांबडी जांभ्याची जमीन, आम्लधर्मी, जिच्या रंगातच लोह आहे. तिथल्या शेतकऱ्याला लोह असलेले मिश्रण विकणे म्हणजे नदीकाठी पाण्याची घागर विकणे. तिथे बघायचे ते बोरॉन आणि जस्त, आणि मुळात जमिनीचा सामू. पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडे उतरलो की काळी, चुनखडीयुक्त जमीन लागते, सामू आठच्या पुढे जातो आणि पाणी जास्त झालेल्या पट्ट्यांत क्षार वर आलेले दिसतात. सामू एकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेले जस्त सुमारे शंभर पटीने घटते. म्हणजे त्या मातीत जस्त असूनही मुळाला ते सापडत नाही. लोहाचे तसेच. अशा जमिनीत हिराकस नुसता पसरून दिला तर थोड्याच दिवसांत त्याचा न विरघळणारा गंज होतो. तो शेणखतात मुरवून द्यावा किंवा फवारावा. ‘चिलेटेड’ हा शब्द काउंटरवर फार चालतो, पण चिलेट म्हणजे सगळे एकच नव्हे. ईडीटीएचे लोह साडेसहा-सातच्या वरच्या सामूला मातीत टिकत नाही. चुनखडीच्या जमिनीत टिकते ते ईडीडीएचएचे, आणि ते महाग असते. शिरोळच्या काळ्या रानात मातीतून द्यायला ईडीटीएचे लोह विकताना हे सांगितले जाते का? बोरॉनबद्दल तर अधिक जपून राहायला हवे. ते कमी पडले तर गव्हाचे परागकण नीट तयार होत नाहीत आणि ओंबीत दाण्याच्या जागा रिकाम्या राहतात. नेपाळच्या तराईत आणि बांगलादेशात गव्हाचे हे नुकसान अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. पण पुरेसे बोरॉन आणि विषारी बोरॉन यांत अंतर फार थोडे असते, आणि क्षारपड जमिनीत ते आधीच साचलेले असू शकते. अशा रानाला तपासणीशिवाय बोरॅक्स देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मिसळण्याबद्दलही सांगायला हवे. गव्हाला जस्त द्यायला सांगितले की शेतकरी ते डीएपीच्या पोत्यातच मिसळून पेरतो किंवा एकाच टाकीत विरघळवून फवारतो, आणि बहुतेक वेळा त्याला कोणी अडवत नाही. काउंटरवर काचेचे दोन पेले ठेवा. एकात झिंक सल्फेट विरघळवा, दुसऱ्यात डीएपी. डीएपीची वरची निवळी पहिल्या पेल्यात ओता. पाणी दह्यासारखे फुटते, दाट पांढरा साका धरतो. तो साका म्हणजे शेतकऱ्याने मोजलेले पैसे. स्फुरदाने धरून ठेवलेले ते जस्त पानाला किंवा मुळाला सहजी मिळत नाही. म्हणून दोन्ही खते वेगवेगळी, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून द्यावीत आणि जस्त शेणखतात मिसळून द्यावे. याच पेल्याने दुसरेही काम होते. झिंक सल्फेट म्हणून मॅग्नेशियम सल्फेट गळ्यात मारण्याची भेसळ फार जुनी आहे, कारण दोन्हींचे खडे डोळ्यांना सारखेच दिसतात आणि दुसरे स्वस्त असते. डीएपीच्या निवळीत मॅग्नेशियम सल्फेटचा तसा दाट साका धरत नाही. खात्रीची तपासणी प्रयोगशाळेचीच, पण दुकानात आलेल्या नव्या मालाची ही दोन मिनिटांची परीक्षा गिऱ्हाइकासमोर घेतलीत, तर तुमच्या शब्दाला जी किंमत येईल ती कोणत्याही फ्लेक्सने येणार नाही. फवारणीत झिंक सल्फेटबरोबर निम्मा विरवलेला चुना, म्हणजे शंभर लिटरला अर्धा किलो झिंक सल्फेट आणि पाव किलो चुना, घ्यायचा असतो; नाहीतर पाने करपतात. हे पिशवीबरोबर चिठ्ठीवर लिहून द्या. तोंडी सांगितलेले रानापर्यंत निम्मेच पोहोचते.

आता ‘लिंकिंग’कडे येतो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत सरकारने २६६ रुपये ५० पैसे ठरवून दिली आहे. हंगामात टंचाई झाली की त्या पोत्याबरोबर सूक्ष्म अन्नद्रव्याची एक पिशवी किंवा विद्राव्य खताची बाटली घ्यावीच लागते, हा अनुभव जिल्ह्यातच नव्हे, राज्यभर शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. अनुदानित खताबरोबर दुसरा माल माथी मारायचा नाही, असे सरकार वारंवार बजावत आले आहे. तुमचे म्हणणे मला ठाऊक आहे आणि ते खोटे नाही: सक्ती वरून येते; कंपनी गाडीबरोबर हा माल लावून देते, नाही घेतला तर पुढची गाडी येत नाही, आणि दुकानात पडून राहिलेल्या मालात तुमचे भांडवल अडकते. हे खरे धरूनच मी म्हणतो की साखळीतल्या या शेवटच्या कडीवर बसलेल्या माणसाजवळच पुरावा असतो. प्रत्येक बिलावर काय काय लावून आले ते लिहून ठेवा आणि तुमच्या संघटनेमार्फत ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. शेतकऱ्याची तक्रार ‘दुकानदाराने घातले’ एवढ्यावर थांबते, कारण त्याला वरचे दिसत नाही. तुमच्या लेखी नोंदीने ती योग्य दारात जाईल. आणि या सक्तीचा मोठा तोटा पैशाहून वेगळा आहे. ज्याला गरजच नव्हती अशा शेतकऱ्याने ती पिशवी रानात टाकली, काही फरक दिसला नाही, की तो सूक्ष्म अन्नद्रव्यांवरचा विश्वासच गमावतो. उद्या त्याच्याच दुसऱ्या तुकड्यात जस्त खरोखर कमी निघाले तरी तो ते घेत नाही.

यावर तुमच्यापैकी पुष्कळांचे उत्तर असेल, ‘शेतकरीच मागतो. फवारले की चार दिवसांत काळोखी येते, गिऱ्हाईक खूश होते.’ काळोखी येते, मान्य. पण ती कशाने येते? फवारणीत बहुधा युरिया किंवा १९:१९:१९ घातलेले असते, आणि पान गडद होते ते त्यातल्या नत्राने. गडद पान म्हणजे जास्त दाणे असेही नाही. उसाच्या मागे डिसेंबरात पेरलेल्या गव्हाचे नुकसान तर बाटलीने भरूनच निघत नाही. १५ नोव्हेंबरनंतर पेरणी एक पंधरवडा लांबली की हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते, असे महात्मा फुले कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना सांगत आले आहे, कारण दाणे भरायच्या वेळी ऊन तापते. उशिरा पेरलेल्या गव्हाला बियाणे वाढवावे लागते, तापमान सोसणारे वाण घ्यावे लागते, आणि १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना पाणी चुकवता येत नाही. हे सांगायला काहीच विकावे लागत नाही, म्हणून ते राहून जाते.

दुसरे उत्तर माती परीक्षणावरच्या अविश्वासाचे असते, आणि त्यात तथ्य आहे. १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत जस्त, लोह, तांबे, मँगेनीज आणि बोरॉन धरून बारा घटक तपासले जातात. पण बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकटीला एक नमुना घेतला जातो. जिथे वाटण्या होऊन जमीन गुंठ्यांत मोजली जाते, तिथे तो नमुना शेजाऱ्याच्या रानातला असू शकतो. म्हणून कागद निरुपयोगी ठरवू नका. शेतकऱ्याला स्वतःच्या रानाचा वेगळा नमुना द्यायला सांगा. शासकीय प्रयोगशाळा आहेत, कृषी महाविद्यालय आहे, कितीतरी साखर कारखान्यांकडे माती तपासणीची सोय आहे. ऊस गेल्यावर, खत टाकायच्या आधी, बांध आणि उकिरड्याची जागा सोडून, आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे आणि अर्धा किलो उरवायची, एवढेच काम. पण ही माती जस्ती बादलीत किंवा लोखंडी घमेल्यात गोळा केली तर सूक्ष्म अन्नद्रव्यांचा अहवाल फसतो. जस्ताची मर्यादा आहे ०.६ पीपीएम, म्हणजे एका एकराच्या नांगरटीच्या नऊएक लाख किलो मातीत पिकाला घेता येईल असे जस्त जेमतेम अर्धा किलो. त्या बारीक मापात बादलीच्या जस्ताचा एक पापुद्राही आकडा फिरवतो. प्लास्टिकची बादली आणि लाकडी काठी वापरायला सांगा. दुकानात अशी एक बादली ठेवून ती शेतकऱ्यांना वापरायला दिलीत, तरी जिल्ह्यातले अहवाल सुधारतील. तुमच्यापैकी अनेकांनी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा ४८ आठवड्यांचा देसी पदविका अभ्यासक्रम केला आहे. अहवालातले आकडे वाचून दाखवायला तेवढे शिक्षण पुरेसे आहे.

आणि कोणी म्हणेल, कोल्हापूर उसाचा जिल्हा. चार-दहा गुंठ्यांच्या गव्हासाठी एवढा आटापिटा कशाला? त्या चार गुंठ्यांचा गहू बाजारात जात नाही, घरातल्या ताटात येतो, म्हणूनच. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या १ ते ४ वयाच्या १९ टक्के मुलांत आणि १० ते १९ वयाच्या ३२ टक्के मुला-मुलींत जस्ताची कमतरता आढळली. भारतासह सात देशांत गव्हावर झालेल्या प्रयोगांत मातीतून दिलेल्या जस्ताने दाण्यातले जस्त सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास वाढले, तर पानांवरच्या फवारणीने ऐंशी टक्क्यांहून अधिक. उत्पादनात मात्र बहुतेक ठिकाणी फारसा फरक पडला नाही. इथे दोन प्रश्न वेगळे होतात, आणि विकताना ते वेगळेच ठेवायला हवेत. रानात जस्त कमी असेल तर पोती वाढवायला ते पेरणीच्या वेळी मातीत द्यावे. रानात जस्त पुरेसे असेल तर फवारणीने पोती वाढतील असे सांगू नये. पण पोटरीत असताना आणि दाण्यात चीक भरताना साध्या झिंक सल्फेटच्या फवारण्या केल्या तर घरच्या भाकरी-चपातीत जस्त वाढते, हे खुशाल सांगावे. शेतकरी आपल्या पोरांसाठी तेवढा खर्च जाणूनबुजून करील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस ४०२८ या बन्सी गव्हाच्या वाणात जस्त ४० आणि लोह ४६ पीपीएमपर्यंत मिळते. कोरडवाहू रानासाठी असे बियाणेही तुमच्या दुकानात मागवून ठेवता येईल.

शेवटची विनंती याच हंगामासाठी आहे. या रब्बीत ज्या-ज्या शेतकऱ्याला तुम्ही गव्हासाठी सूक्ष्म अन्नद्रव्य द्याल, त्याला रानातला एक वाफा न फवारता ठेवायला सांगा आणि चार कोपऱ्यांना खुंट्या मारायला सांगा. बाकी पाणी, युरिया, खुरपणी सगळे सारखेच. कापणीला त्या वाफ्यातला आणि शेजारच्या तेवढ्याच फवारलेल्या वाफ्यातला गहू वेगवेगळा मळून तुमच्या दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवा, आणि दोन्ही वजने एका वहीत लिहा: गाव, जमिनीचा रंग, अहवालातला जस्ताचा आकडा, वजन. पाडव्यापर्यंत जिल्ह्यातल्या दुकानांतून अशा वह्या भरल्या, तर पुढच्या कार्तिकात कोणत्या गावाला काय द्यायचे हे तुम्हाला कंपनीच्या माहितीपत्रकातून शोधावे लागणार नाही.



आपला,
मातीचा एक अभ्यासक
कोल्हापूर